नगरसेवकावाचून चार वर्षे

महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या निवडणुका अखेर जानेवारी २०२६ मध्ये पार पडल्या. गुलाल उधळला गेला, महापौरपदासाठी व्हायची ती ओढाताण झाली आणि कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या याची कोष्टके वृत्तपत्रांनी छापली. अनेक जागी उमेदवार बिनविरोध निवडून आल्याने तेथील मतदारांना त्या जागेपुरता कौल देण्याचा प्रसंगच आला नाही. या गडबडीत एक प्रश्न मात्र कोणी गंभीरपणे विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. त्याआधीची चार वर्षे, आणि काही शहरांत तर सहा वर्षांच्या आसपास, नागरिकांचा मताचा हक्क कोणाकडे गहाण पडला होता? या काळाचा हिशेब मागितल्यावाचून आपण नव्या सभागृहांचे स्वागत करू लागलो, तर असा काळ पुन्हा आणणे कोणत्याही सत्ताधाऱ्याला कठीण जाणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, पुण्याची त्याच महिन्याच्या १४ तारखेला. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर आणि तेव्हाचे औरंगाबाद येथे ती २०२० सालीच संपली होती. २०२४ साल उजाडले तेव्हा राज्यातील २९ महापालिकांपैकी एकीतही लोकनियुक्त सभागृह उरले नव्हते. सर्वत्र प्रशासक होते आणि ते राज्य सरकारने नेमलेले होते. १९९२ साली संसदेने संमत केलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची ठरविली. अनुच्छेद २४३-यू असे सांगतो की, मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. सभागृह मुदतीआधी विसर्जित झाले असेल तर सहा महिन्यांच्या आत. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ निःसंदिग्ध शब्दांत सांगितला होता. तरीही राज्यघटनेची ही आज्ञा देशातील सर्वांत नागरीकरण झालेल्या राज्यांपैकी एका राज्यात चार वर्षे बासनात बांधून ठेवता आली.

यासाठी दिली गेलेली कारणे अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न खरा होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यासाठी तिहेरी कसोटी लावली, ती पूर्ण करण्यासाठी आयोग नेमावा लागला, आणि सामाजिक न्यायाचा हा आग्रह सोडून निवडणुका उरकाव्यात असे आपल्यापैकी कोणीही म्हटले नसते. परंतु कारण आणि निमित्त यांत अंतर असते. मुंबईतील प्रभागांची संख्या २०२१ मध्ये २२७ वरून २३६ करण्यात आली. सरकार बदलताच २०२२ मध्ये ती पुन्हा २२७ झाली. मुंबईबाहेरच्या महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली चौघांचा. पुढे एकाचा ठरला, मग तिघांचा, मग पुन्हा चौघांचा. या फेरबदलांत मतदाराची सोय कोणी पाहिल्याचे दिसत नाही. ज्याच्या हाती सत्ता होती त्याने स्वतःची सोय पाहिली, आणि याला कोणत्याही आघाडीचे सरकार अपवाद नव्हते. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांची मुदत घालून दिली, पुढे ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविली, आणि मगच निवडणुका झाल्या. म्हणजे जी गोष्ट नागरिकांनी रस्त्यावर येऊन मागावयास हवी होती ती न्यायालयाकडून मिळाली. चार वर्षांत या एका मागणीसाठी एकही मोठे शहर बंद राहिले नाही. याची खंत मला अधिक वाटते.

असे का झाले, याचे उत्तर मला एका भाजीवाल्या मावशींकडून मिळाले.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी त्या वीस वर्षांपासून हातगाडी लावतात. केंद्र सरकारने २०२० साली पथविक्रेत्यांसाठी सुरू केलेल्या योजनेतून त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज घेतले होते. म्हणजे शासनाच्या एका हाताने त्यांना पथविक्रेत्या म्हणून मान्यता दिली होती. प्रशासकाच्या काळात एका सकाळी अतिक्रमण विभागाची गाडी आली आणि शासनाच्या दुसऱ्या हाताने हातगाडी, वजनकाटा आणि भाजीचे तीन क्रेट उचलून नेले. नोटीस नाही, जप्त मालाची यादी नाही, पावती नाही. मी त्यांच्याबरोबर क्षेत्रीय कार्यालयात गेलो. तेथील अधिकारी उर्मट नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहाही विचारला. “वरून आदेश आहेत, सर,” एवढेच ते म्हणाले. वरचे कोण, हे त्यांना सांगता येत नव्हते, कदाचित ठाऊकही नव्हते. पायऱ्या उतरताना मावशींनी मला विचारले, “सर, पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन बसता यायचं. आता कुणाच्या दारात बसायचं?”

अर्थशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली, पण या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कायदा मात्र माझ्या पिशवीत होता. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटविता येणार नाही. माल जप्त केला तर यादी द्यावी लागेल. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागेल. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, असेही तो कायदा सांगतो. त्याआधी १९८५ साली, मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले होते. त्याच निकालाने पुरेशी सूचना देऊन झोपड्या हटविण्यास मुभाही दिली, हे विसरता कामा नये. हक्क कागदावर आला म्हणजे तो बजावता येतोच असे नाही. तो बजावण्यासाठी कोणाचे तरी दार लागते. मावशींची हातगाडी नवव्या दिवशी, दंड भरून, परत मिळाली. मेथी अर्थातच परत मिळाली नाही. कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर भरावा लागला.

आता दुसरी बाजू सांगतो. तीही माझ्याच घरची आहे. त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या गल्लीतील गटार तुंबले. माझा एक जुना विद्यार्थी आता अधिकारी आहे. मी त्याला फोन केला आणि दुपारपर्यंत माणसे आली. त्या दिवशी मला नगरसेवकाची उणीव भासली नाही. सुशिक्षित मध्यमवर्गाला ती चार वर्षे भासली नाही, याचे कारण हेच आहे. ज्याच्यापाशी ओळख आहे, इंग्रजी अर्ज आहे, वकील आहे, त्याला मताची गरज पाच वर्षांतून एकदा लागते. ज्याच्यापाशी यांपैकी काहीही नाही, त्याची सारी पुंजी ते मतच असते. निवडणूक लांबली तेव्हा कागदोपत्री सर्वांचा समान हक्क स्थगित झाला. प्रत्यक्षात त्याची किंमत एकाच वर्गाने चुकती केली.

यावर जो आक्षेप घेतला जाईल तो मला ठाऊक आहे, कारण माझ्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींकडून तो मी नित्य ऐकतो. नगरसेवक कोणते धुतल्या तांदळाचे होते? टक्केवारी, ठेकेदारी, चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक यांतून शहर सुटले, हे बरेच झाले नाही का? या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. आमच्या प्रभागाचा जो नगरसेवक होता त्याच्याविषयी चांगले बोलण्यासारखे माझ्यापाशी फारसे नाही. परंतु वाईट नगरसेवकाला रस्त्यात अडविता येते, त्याच्या दारात बसता येते आणि पाच वर्षांनी घरी पाठविता येते. प्रशासकाची बदली होते. ती कधी व्हावी हे आपण ठरवीत नाही. शिवाय ठेका, टक्का आणि कंत्राटदार हे प्रशासकाच्या काळात शहर सोडून गेले, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. सभागृह गेले तेव्हा भ्रष्टाचारावर विचारला जाणारा लेखी प्रश्न गेला, स्थायी समितीतला वाद गेला, विरोधी सदस्याने वर्तमानपत्रापर्यंत पोहोचविलेला कागद गेला.

मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक २०२३-२४ साली ५२,६१९ कोटी रुपयांचे होते. २०२५-२६ साली ते ७४,४२७ कोटींचे झाले. आयुक्तांच्या प्रशासनाने ते तयार केले आणि त्याच आयुक्तांनी प्रशासक या नात्याने ते मंजूर केले. मागणारा तोच, देणारा तोच आणि तपासणाराही तोच. जुन्या काळी कोण्या संस्थानिकाने असा कारभार केला असता तर आपण त्याला काय म्हटले असते? महापालिकांचे आर्थिक स्वातंत्र्य त्यापूर्वीच संकोचले होते. इतर शहरांत जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला, मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी गेली, आणि शहरे राज्य सरकारच्या भरपाईवर विसंबून राहू लागली. आधी कर लावण्याचा अधिकार आक्रसला, मग तो पैसा खर्च करण्याचा लोकांचा अधिकारही चार वर्षे काढून घेतला गेला.

या उदासीनतेच्या मुळाशी एक शब्द आहे, तो म्हणजे ‘करदाता’. “आम्ही करदाते” अशी सुरुवात करून जो बोलू लागतो, त्याच्या लेखी शहर ही कर भरणाऱ्यांची सोसायटी असते आणि फेरीवाला, झोपडीवासी, कचरावेचक हे तिच्यात शिरलेले आगंतुक असतात. हा विचार नवा नाही. ब्रिटिश अमदानीत नगरपालिकेचे मत घरपट्टी, भाडे अशा मोजमापांशीच बांधलेले होते. मुंबईत प्रौढ मताधिकाराने पहिली महापालिका निवडणूक १९४८ साली झाली, तेव्हा गिरणीतला कामगार आणि माडीवरचा मालक हे मतपेटीपुढे प्रथमच सारखे ठरले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एवढेच सांगतो की, कर न भरणारा माणूस या शहरात नाही. मावशी साबणाची वडी घेतात तेव्हा वस्तू व सेवा कर भरतात. खोलीचे भाडे देतात तेव्हा मालकाच्या घरपट्टीचा वाटा उचलतात. जकात होती तेव्हा गव्हाच्या पोत्यावरची जकात शेवटी पोळी खाणाऱ्यानेच दिली. पण समजा त्यांनी एक पैसाही कर दिला नसता, तरी त्यांचे नागरिकत्व उणे झाले नसते. नागरिकत्व विकत घेतलेले नाही. ते राज्यघटनेने दिलेले आहे.

सभागृह कशासाठी लागते, हे सांगणारा एक प्रसंग पुण्याच्या इतिहासात आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर शृंगारण्यावर पैसे खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच संमत झाला. पण तो विरोध नोंदला गेला, म्हणूनच आज आपण त्याविषयी बोलू शकतो. परकीय सत्तेच्या त्या दुबळ्या, नेमलेल्या सभागृहातही एका माणसाला ‘नाही’ म्हणण्याची जागा होती. प्रशासकाच्या दालनात तेवढीही जागा नसते.

आता सभागृहे आली आहेत. त्यांत आपल्या विचाराची माणसे थोडी आहेत, याने खचून जाण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम सभागृहाबाहेर पुष्कळ आहे. आपल्या शहरात पथविक्रेता समितीची निवडणूक झाली का, सर्वेक्षण केव्हा झाले, प्रमाणपत्रे कोणाला मिळाली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या राज्यघटनेनेच सांगितल्या आहेत. त्यांच्या बैठकांना जावे, निदान त्या होतात की नाही ते पाहावे. क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ साली झाली. ती खरोखर अमलात आणा, असा आग्रह प्रत्येक नगरसेवकाकडे, तो कोणत्याही पक्षाचा असो, धरावा. प्रभागात चार सदस्य असतील तर चौघांपैकी कोणत्या प्रश्नाला कोण जबाबदार, हे त्यांच्याकडून जाहीर लिहून घ्यावे. आणि जप्त मालाची यादी व पावती मागण्याचा हक्क प्रत्येक हातगाडीवाल्याला तोंडपाठ होईल, एवढे तरी आपण करावे.

या सभागृहांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. त्या वर्षी पुन्हा प्रभागरचना, पुन्हा सदस्यसंख्या, पुन्हा तारखा सुरू झाल्या तर काय करायचे, हे आजच ठरविले पाहिजे. आरक्षणाचे आणि सीमांकनाचे काम मुदतीआधी पुरे करा, ही मागणी २०२९ पासूनच लावून धरली पाहिजे. त्या वेळी न्यायालयाच्या तारखेकडे डोळे लावून बसण्याची पाळी आपल्यावर येऊ नये. नाही तर मावशी पुन्हा तोच प्रश्न विचारतील, आणि तेव्हा ‘उत्तर माझ्यापाशी नव्हते’ असे लिहिण्याचा अधिकार माझ्यासारख्याला राहणार नाही.