पुस्तक मिटल्यावर

दसरा झाला की मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोडीच्या टोळ्या जाऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर लेकरे, मागे बांधलेली शेळी. त्यानंतर चैत्रापर्यंत माझ्या दवाखान्यात आईबाप कमी आणि आजी-आजोबा अधिक येतात. गेल्या पौषात अशीच एक आजी नातीला घेऊन आली. तपशील थोडे बदलून तिची हकीकत सांगतो.

मुलगी एकोणीस वर्षांची. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तिची ही तिसरी खेप. दोन वर्षे लातूरला राहून शिकवणी झाली. यंदा पैशांअभावी गावीच अभ्यास. आई-वडील कारखान्यावर. सराव परीक्षेला बसले की छातीत धडधड, हाताला घाम आणि बोटांना मुंग्या. ‘डाक्टरसाहेब, पोरगी रातभर जागती, हिचं काळीज तर बिघडलं न्हाई ना?’ आजींनी विचारले.

येथे एक कबुली द्यायला हवी. महिन्याभरापूर्वी ती याच तक्रारीसाठी आली होती. तेव्हा दवाखान्यात गर्दी होती; मी आम्लपित्ताची गोळी लिहून दिली आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून वाटेला लावले. टेन्शन घेऊ नकोस हे वाक्य ज्याला सांगावे त्याच्या काहीच उपयोगाचे नसते, हे तीस वर्षांच्या व्यवसायात मला ठाऊक असायला हवे होते.

या वेळी नीट तपासले. ईसीजी व थायरॉइड व्यवस्थित. हिमोग्लोबिन मात्र 9.2, तिच्या वयाच्या मुलीत ते किमान 12 असावे. रक्त कमी असेल तर हृदयाला तेवढाच प्राणवायू पोहोचविण्यासाठी अधिक धावावे लागते. म्हणून पालकांना विनंती आहे, की परीक्षार्थी मुलाची धडधड ‘मनाची’ ठरविण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि गोळीवर लगेच चहा घेऊ नये, असे बजावले. चहाने लोहाचे शोषण घटते.

पण बोटांना मुंग्या? त्या रक्ताच्या कमतरतेने केवळ परीक्षेच्या तासालाच येणार नाहीत. मी तिला विचारले, ‘बाळ, ॲड्रेनलिन काय करते?’ तिने अकरावीच्या पुस्तकातले वाक्य एका दमात इंग्रजीत म्हणून दाखविले. हृदयाचे ठोके वाढतात, घाम येतो, बाहुल्या रुंदावतात, अंगावर रोमांच उभे राहतात. एकही शब्द चुकला नाही. मी म्हणालो, ‘आणि तुला परीक्षेत काय होते?’ ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिले. धडा तोंडपाठ होता. तो आपल्याविषयी आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मुंग्यांचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकतो. रक्तात हा वायू पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल होते आणि त्याचे हायड्रोजन व बायकार्बोनेट आयन होतात. ही क्रिया दोन्ही दिशांना चालते. वायू कमी झाला की तोल मागे सरकतो, हायड्रोजन आयन घटतात, रक्त किंचित अल्कधर्मी होते. मग कॅल्शियम प्रथिनांना अधिक चिकटते, मोकळे कॅल्शियम कमी पडते आणि मज्जातंतू चाळवतात. त्याच या मुंग्या. बारावीला ‘समतोल’ म्हणून गणिते सोडविली जातात ती हीच. उपायही त्यातूनच निघतो: श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांबवायचा, पाच-सहा मिनिटे. तोंडावर पिशवी धरण्याचा जुना उपाय मात्र करू नये. तो धोक्याचा ठरू शकतो.

मग मी स्टेथोस्कोप तिच्या कानात घातला. पहिला आवाज कोणत्या झडपांचा, हे तिने तत्काळ सांगितले. ‘पण त्या बंद का होतात?’ यावर ती थांबली. खालच्या कप्प्यातील दाब वरच्या कप्प्यापेक्षा वाढतो म्हणून. हे भौतिकशास्त्र झाले. परीक्षेत 180 प्रश्न आणि 180 मिनिटे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. त्यात 90 प्रश्न जीवशास्त्राचे, 45 भौतिकशास्त्राचे, 45 रसायनशास्त्राचे. विषयांची ही वाटणी कागदावरची आहे. शरीराला ती माहीत नाही.

मानसशास्त्र तर आपल्या प्रवेश परीक्षेत नाहीच. अमेरिकेतील ‘एमकॅट’मध्ये 2015 पासून त्याचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे ते प्रवेशानंतर भेटते. पण गुणांसाठी नव्हे, तरी स्वतःवर वापरण्यासाठी त्याची दोन पाने आधीच वाचावीत, असे माझे मत आहे. जर्मनीच्या एबिंगहाउसने 1885 मध्ये निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून दाखवून दिले, की विसरणे सुरुवातीला वेगाने होते, मग मंदावते. पुढे 2006 मध्ये रोडिगर व कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, तो मिटून, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र तो सुमारे 42 टक्के आठवला आणि लिहून काढलेला 56 टक्के.

या मुलीची पुस्तके मी पाहिली. तीन रंगांनी अधोरेखित, कडा झिजलेल्या. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळ ओळखीची होते आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भास होतो. त्यासाठी ती रात्री चार तास झोपत होती. खरे तर दिवसा वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. सात तास झोप, पुस्तक मिटून कोरा कागद आणि तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा, एवढेच मी लिहून दिले. औषधाच्या चिठ्ठीवरच लिहिले, म्हणजे आजी ते पाळायला लावतील.

जाताना म्हणाली, ‘सर, आई रोज फोन करते. किती मार्क पडले, एवढंच विचारते.’ उचल घेऊन शिकवणीची फी भरलेल्या आईने दुसरे काय विचारावे? तरी मी आजींकडून फोन लावून घेतला आणि त्या माउलीला सांगितले, की गुण विचारू नका, आज काय शिकलीस ते मला समजेल असे सांग, म्हणा. (मूल निराशेचे, जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागले, तर मात्र एवढ्यावर थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, किंवा 14416 या ‘टेली-मानस’ क्रमांकावर बोलावे.)

फाल्गुनात हिमोग्लोबिन 11 वर आले. मुंग्या एकदाच आल्या, तेव्हा तिने श्वास मोजला म्हणे. निकाल काय लागेल, हे मी सांगू शकत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी आहेत.

चैत्रात टोळ्या परतल्या. तिची आई कंबरदुखीसाठी आली. तपासून होईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, ‘डॉक्टर, ती झडप दाबानं बंद होती, हे पोरीनं सांगितलं. पण मग उघडती कशानं? ते तिला इचारायचं राहिलं.’