पसंतीक्रम कोणाचा?

सीईटीचे रँक लागले आणि कर्नाटकात पुन्हा ऑप्शन एंट्रीचे, म्हणजे कॉलेजांची पसंतीयादी भरण्याचे दिवस आले. बंगळूरच्या चामराजपेटमधल्या मराठी घरांत या दिवसांत जेवतानासुद्धा गेल्या वर्षीच्या कटऑफचीच चर्चा चालते. क्लासचे सर, शेजारचा दादा, पुण्याचे मामा, सगळ्यांचे सल्ले यादीत उतरतात. ज्याला तिथे चार वर्षे काढायची आहेत, त्याचे मत शेवटी विचारले जाते, कधी तेही नाही. रँक परीक्षा ठरवते, आरक्षण कायदा ठरवतो, फी सरकार आणि संस्था ठरवतात. विद्यार्थ्याने स्वतः ठरवायची गोष्ट म्हणजे ही यादी, आणि नेमकी तीच आपण त्याच्या हातून काढून घेतो.

हा अधिकार सहज मिळालेला नाही. १९८९ मध्ये कर्नाटक सरकारने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी वर्षाची फी ठरवून दिली: सरकारी जागेला २,००० रुपये, उरलेल्या जागांवर राज्यातल्या विद्यार्थ्याला २५,००० आणि बाहेरच्याला ६०,०००. तुमकूरच्या कॉलेजात प्रवेश मागणाऱ्या मेरठच्या मोहिनी जैन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जुलै १९९२ मध्ये न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढच्या वर्षीच्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी कॉलेजांतल्या जागाही गुणवत्तेनेच भरण्याची योजना घालून दिली. १९९४ मध्ये बंगळुरात सीईटी कक्ष उभा राहिला तो या पार्श्वभूमीवर. टी. एम. ए. पै (२००२) आणि महाराष्ट्रातून गेलेला इनामदार (२००५) या निकालांनी खासगी संस्थांना पुन्हा बराच मोकळा हात दिला, हे खरे. तरीही साध्या घरातल्या मुलाला वशिल्याशिवाय चांगल्या कॉलेजात जाता येते ते सीईटीच्या याच वाटेने.

वाट मात्र नीट समजून घ्यायला हवी. अभियांत्रिकीचा रँक पीयूसीतल्या (बारावीच्या) विषयांचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरून लागतो, वैद्यकीयसाठी ‘नीट’ परीक्षेवरून. मग संगणक वरच्या रँकपासून एकेकाची यादी पाहत जातो आणि प्रत्येकाला त्याच्या यादीतली, त्याच्या हक्काच्या गटात शिल्लक असलेली सर्वांत वरची जागा देतो. म्हणजे आवाक्याबाहेरचे कॉलेज वर लिहिले म्हणून खालची जागा हुकत नाही. उलट ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणून मनातले कॉलेज खाली ढकलले, तर ते मिळण्याजोगे असूनही हातचे जाते. इथे चलाखीला वाव नाही. खरे लिहिणाऱ्याचाच फायदा. मॉक अलॉटमेंट, म्हणजे जागावाटपाची रंगीत तालीम, झाल्यावर यादी बदलण्याची मुभा असते, तीही घाबरून नव्हे, विचार करून वापरावी. महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत (कॅपमध्ये) तर पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप पक्की होते. म्हणून तिथे पहिली ओळ लिहिताना अधिकच जपावे लागते.

पण खरे लिहायचे तर आधी खरे माहीत हवे, आणि ते कटऑफ सांगत नाही. त्या जागेवर गेल्या वर्षी शेवटचा कोण बसला, एवढेच त्यातून कळते. ती गर्दीची मोजणी आहे, अध्यापनाची नव्हे. चामराजपेटच्या मुलाला या बाबतीत मोठी सोय आहे. बुल टेंपल रोडवर १९४६ पासूनचे बीएमएस अभियांत्रिकी कॉलेज आहे, के. आर. सर्कलला १९१७ मध्ये सुरू झालेले यूव्हीसीई हे अभियांत्रिकी कॉलेज, व्हिक्टोरिया इस्पितळाशेजारी १९५५ चे बंगळूर मेडिकल कॉलेज. कामाच्या दिवशी जाऊन यावे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावे: तास होतात का, प्रयोगशाळेत यंत्राला हात लावू देतात का, नापास झालेल्याकडे कोणी लक्ष देते का? शहराच्या दुसऱ्या टोकाचे ‘नामांकित’ कॉलेज रोजच्या ट्रॅफिकमध्ये दिवसाचे किती तास खाईल, हेही गणितात धरावे. हव्या त्या कॉलेजात नको ती ब्रँच घ्यायची, की हव्या त्या ब्रँचसाठी साधे कॉलेज, याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. ते मुलाच्या स्वभावात शोधावे लागते.

बंगळूरच्या मराठी पालकांचा एक कल आणखी असतो: जमले तर पुण्याला, आपल्या माणसांत. कायद्याच्या लेखी मात्र पहिलीपासून किमान सात वर्षे इथे शिकून दहावी किंवा पीयूसी इथेच उत्तीर्ण झालेले मूल कर्नाटकचे असते. सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्र जी सवलत देतो, ती बंगळूरच्या मराठी मुलाला नाही. पुण्याला जाऊच नये, असे नाही. विश्वेश्वरय्या बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी. ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या मदतीने अभियांत्रिकी शिकायला पुण्यालाच गेले. पुढे बंगळुरात यूव्हीसीई उभे करणारेही तेच. चामराजपेटमधल्या एका मुख्य रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी कन्नडमध्ये आणले. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रेही फर्ग्युसनमध्येच शिकले आणि कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी झाले. पुण्याला जाऊन यांच्यापैकी कोणी पुणेकर झाला नाही. तिथे मिळाले ते घेऊन ते आपल्या कामाकडे परतले. आपली माणसे कुठे आहेत, यापेक्षा आपले काम कुठे शिकायला मिळेल, हा प्रश्न म्हणून मोठा.

या व्यवस्थेची दुखणीही उघड आहेत. २०२४ च्या अखेरीस सीट ब्लॉकिंगच्या तक्रारीवरून बंगळूर पोलिसांनी काही जणांना अटक केली. वरच्या रँकवाल्यांच्या नावावर जागा अडवायची, शेवटी ती सोडायची आणि मोकळी झालेली जागा मॅनेजमेंट कोट्याकडे वळवून विकायची, असा तो आरोप. यादीतला खरेपणा मुलाकडून मागायचा असेल, तर हे जागावाटप करणाऱ्या प्राधिकरणानेही सोडलेल्या प्रत्येक जागेचा हिशेब लोकांपुढे ठेवला पाहिजे. प्रत्येक कॉलेजातली शिक्षकांची रिक्त पदे आणि ठरल्या मुदतीत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ऑप्शन एंट्रीच्या पानावरच दिसले पाहिजे. माहितीच दिली नाही, तर लोक कटऑफच्याच मागे जाणार.

पालकांनी करायचे त्याहून सोपे आहे. पहिली यादी मुलाला एकट्याने लिहू द्या. पैसे, अंतर, वसतिगृह यांवर वाद त्यानंतर घाला, आणि जरूर घाला. घरची ऐपत मुलांनाही कळली पाहिजे. पण वाद संपल्यावर पहिल्या ओळीत कोणते कॉलेज राहील, हे मुलालाच ठरवू द्या. तिथल्या तासाला शेवटी तेच बसणार आहे.