पहिला आकडा

मागच्या आठवड्यात दगडखाणीतल्या धुळीबद्दल लिहिलं होतं. आजची धूळ पन्नास वर्षांपूर्वीची, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेलची.

तिथे एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत ‘लाइफ सायन्स प्रॉडक्ट्स’ ही कंपनी 1974 पासून केपोन हे कीटकनाशक बनवत होती. मालक दोघे, दोघेही ‘अलाइड केमिकल’चे जुने नोकर. कच्चा माल अलाइडचा, तयार मालही अलाइडलाच. आपल्याकडे याला ‘जॉबवर्क’ म्हणतात. केपोनची भुकटी हवेत, कपड्यांवर, डब्यातल्या जेवणावर बसायची. कामगारांचे हात थरथरू लागले, बुबुळं आपोआप हलू लागली, वजन उतरलं. त्यांनी या दुखण्याला नावही ठेवलं, ‘केपोन शेक्स’. म्हणजे निदान झालेलं होतं, फक्त ते डॉक्टरांनी केलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणत, मनावर ताण आहे. एका कामगाराने कामगार सुरक्षा खात्याकडे तक्रार केली, ती कामावरून काढल्याची तक्रार म्हणून नोंदली गेली आणि कारखाना बघायला कोणी फिरकलं नाही. कागद भलत्या फायलीत जाण्याची मक्तेदारी आपल्याच कचेऱ्यांकडे आहे असं नाही.

जुलै 1975 मध्ये डॉ. यी-नान चौ यांनी एका रुग्णाचं रक्त आणि लघवी अटलांटाच्या रोग नियंत्रण केंद्राकडे पाठवली. महिना सरायच्या आत कारखाना बंद झाला. पुढे 133 आजी-माजी कामगार तपासले, त्यांत 76 आजारी निघाले. काहींच्या शुक्राणूंची संख्या घटली होती. केपोन कामगारांच्या घरच्यांच्या रक्तातही सापडलं, कारण भुकटीने माखलेले कपडे घरी जात होते. अलाइडला 1976 साली एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक दंड झाला. तो जेम्स नदी नासवल्याबद्दल होता, माणसं नासवल्याबद्दल नव्हे.

एका अर्थी डॉ. चौ यांचं काम सोपं होतं. केपोन चिवट. रक्तातलं अर्धं उतरायलाच पाच-सहा महिने लागतात, आणि एरवी ते कोणाच्या रक्तात असायचं कारण नाही. सापडलं की सिद्ध झालं.

लोटे-परशुरामपासून वापी-अंकलेश्वरपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कीटकनाशकांचे कारखाने आहेत. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं भरणाऱ्या, पॅक करणाऱ्या माणसाचं प्रकरण इतकं सरळ नसतं. हे विष शरीरातून लवकर निघून जातं, पण जाता जाता मज्जातंतूंचे निरोप आवरणारं कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतं. डोकं दुखतं, मळमळतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे धूसर होतं. घरचे म्हणतात पित्त झालंय. मे महिना असला तर ऊन लागलंय.

रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजता येतं. अडचण अशी, की निरोगी माणसांतही त्याचा आकडा फार कमी-जास्त असतो. एखाद्याचं मुळातलं प्रमाण एक तृतीयांशाने घसरलं तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येऊ शकतं. म्हणून विषाला हात लावण्यापूर्वीचा, त्याच माणसाचा पहिला आकडा लागतो. कॅलिफोर्नियात फवारणी करणाऱ्यांसाठी नियमच आहे. पहिल्या आकड्यापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त घट दिसली की कामाची पद्धत तपासायची, तांबड्या पेशींतली घट 30 टक्क्यांवर गेली की माणसाला त्या कामावरून हलवायचं.

आपल्याकडेही कायदा नव्हता असं नाही. भोपाळनंतर, 1987 साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची काम देण्यापूर्वी तपासणी, पुढे बारा महिन्यांच्या आत पुन्हा, आणि नोंदी पाहण्याचा हक्क कामगाराला. कलम वाचायला सुंदर होतं. पण कंत्राटी पोरगा आठ महिने इथे, सहा महिने तिथे. त्याचा पहिला आकडा कधी घेतलाच, तर तो पहिल्या कारखान्याच्या कपाटात राहतो. दुसरीकडे तपासणी होते ती आधीच विष अंगात गेलेल्या माणसाची, आणि तोच त्याचा ‘पहिला’ आकडा ठरतो.

माझं म्हणणं छोटं आहे. नोंद पाहण्याचा हक्क पुरत नाही. गेटपाससोबत त्या तपासणीची प्रत कामगाराच्या हातात द्या, ठेकेदाराच्या नव्हे. खर्च एका झेरॉक्सचा. आणि गावातल्या डॉक्टरांनी ती मागावी. सध्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना असलाच, तर त्यात बहुतेकदा एवढंच लिहिलेलं असतं : नोकरी.