गच्चीवरचा टॉवर आणि व्हिनेगरचा बोळा

बोरिवलीतल्या एका सोसायटीची सर्वसाधारण सभा या आठवड्यात चांगलीच तापली. विषय गच्चीवरचा मोबाइल टॉवर. ‘आपल्यावर प्रयोग चाललाय,’ असं एक काका मोबाइलच्याच कॅमेऱ्यात बघून ठणकावत होते. तो व्हिडिओ वाचकांनी मलाच पाठवला, वर टोमणा: ‘संशोधनाला वेसण हवी, असं तुम्हीच लिहिता ना?’

लिहितो, आणि लिहीत राहणार. पण टॉवरला वेसण आहे हो! लहरींची मर्यादा आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. सुशिक्षितांची भीती सरकारदरबारी लवकर पोचते. भाडंही सोसायटीच्या खात्यात वेळेवर पोचतं.

आता खरा प्रयोग ऐका. १९९८ साली याच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका. निम्म्या वस्त्यांत ठरावीक काळाने तपासणी: व्हिनेगरचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटला की पुढे पाठवायचं. डॉक्टरही लागत नाही. उरलेल्या निम्म्यांना रोगाची माहिती दिली आणि ‘नेहमीच्या सोयी’वर सोडलं. झोपडपट्टीतली नेहमीची सोय म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली अमेरिकेत वाहवा झाली, आणि ती रास्तच होती. पण याच रोगासाठी आधीपासून असलेल्या पॅप तपासणीने जीव वाचतात हे १९९८ आधीच माहीत होतं. ती वस्तीपर्यंत नेणं परवडणारं नव्हतं, असं संशोधक म्हणतात. खरं असेल. मग निम्म्या बायकांनी वर्षानुवर्षं नुसतं मोजून घ्यायचं? तक्रार केली ती अमेरिकेतल्या एका डॉक्टरने, तिथल्याच सरकारी कार्यालयाकडे, कारण पैसा तिथला होता. मुलुंड-घाटकोपरच्या कुठल्या सोसायटीने सभा बोलावल्याचं मी तरी ऐकलं नाही. काकांकडे भांडी घासायला येणारी बाई त्या उरलेल्या निम्म्यांतली असू शकते.

म्हणून माझं जुनंच तुणतुणं. अशा चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य माणूस लागतो, असा नियम आहे. हा सामान्य माणूस बहुधा निवृत्त मुख्याध्यापक किंवा कुणाच्या तरी ओळखीतला सद्गृहस्थ असतो, अशी माझी दाट शंका आहे. पुरावा मागू नका. तिथे चाचणीच्या वस्तीतली बाई बसवा. ‘त्यांना तपासता, मग आम्हाला का नाही?’ हा तिचा पहिलाच प्रश्न त्या जाडजूड इंग्रजी प्रोटोकॉलच्या कुठल्या पानावर बसवायचा, ते शास्त्रज्ञांनी बघावं.

– उपनगरी