कलमांच्या बागेतले शेजारी

चाकरमानी कोकणात येतो. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात मुलाबाळांसह येतो आणि जाताना घराला पुन्हा कुलूप लावतो. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. एकट्या रत्नागिरीत ८० हजारांहून अधिक माणसं कमी झाली. २०२० च्या टाळेबंदीत गावं भरली, तेव्हा आशा वाटली होती. मुंबई सुरू झाली आणि बहुतेक जण परत गेले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार आहेत, तिच्यावर संसार उभा करायचा तरी कसा?

म्हणून गेलेल्यांची वाट पाहताना जे आले आहेत त्यांच्याकडे बघू या. हापूसच्या कितीतरी बागा आज नेपाळी कुटुंबांच्या हातावर चालतात. बागेतल्या मांगरात त्यांचा संसार असतो. मोहोर आला की फवारणी, फळ धरलं की दिवसभर माकडं हाकायची, तयार झालं की झेल्याने एकेक आंबा देठासकट उतरवायचा. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो, आंबा डागाळतो आणि भाव पडतो. इतकं नाजूक काम आपण ज्यांच्यावर सोपवतो, त्यांना गाव अजून ‘गुरखे’ एवढ्याच नावाने ओळखतं. आपल्या नरक चतुर्दशीला ते त्यांच्या तिहार या सणात राखणीच्या कुत्र्याला टिळा लावून हार घालतात आणि भाऊबीजेला त्यांची भाईटीका असते. सण शेजारी शेजारी होतात, जाणं-येणं मात्र होत नाही.

मजुरी जास्त मिळाली की माणूस येतो. टिकतो तो घर, शाळा आणि शब्दाला मान मिळाला तर. आज बाग बदलली की त्यांच्या मुलाची शाळा सुटते, आणि त्याच पंचक्रोशीत जिल्हा परिषदेची शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात असते. बंद घरं भाड्याने द्यायला मालक धजत नाहीत, कारण राहायला आलेला उठणार नाही ही धास्ती. ही धास्ती खोटी नाही. पण ग्रामपंचायत मध्ये पडली, अकरा महिन्यांचा रीतसर करार झाला, तर ती नक्की कमी होईल. बागायतदारांनी हंगामाचा हिशेब लेखी द्यावा, मांगरात वीज आणि शौचालय द्यावं. मुलांची नावं शाळेत घालायला वाडीतल्या कुणीतरी सोबत जावं.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, अशी आमची कोकणातल्या प्रत्येक सरपंचाला विनंती आहे. आणि त्या दिवशी बागेतल्या या कुटुंबांनाही सभेचं बोलावणं जावं.