सेवेचे तास मोजणारा अर्ज

मुलाला किंवा मुलीला पदवीसाठी अमेरिकेला पाठवायचे ठरले की हल्ली एसएटीच्या शिकवणीपाठोपाठ दुसरी चौकशी सुरू होते ती समाजसेवेची. कुठला आश्रम, कुठली पाड्यावरची शाळा आठ-पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देईल? यात पालकांचा सगळाच दोष नाही. आपल्याकडे बारावीचे गुण आणि सीईटी यांवर बहुतेक प्रवेश उरकतात. त्यामुळे गुणांपलीकडचे काही विचारणारा अर्जही आपल्याला एखाद्या पेपरासारखाच 'सोडवायचा' असे वाटते.

पण तो अर्ज एकदा नीट वाचावा. तिकडची एक हजाराहून अधिक महाविद्यालये 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' हा सामायिक अर्ज स्वीकारतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या कामांसाठी १० जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला अवघी १५० अक्षरे. शोभेच्या वाक्यांना जागाच नाही! उलट विचारलेले असते ते हे: कोणत्या इयत्तांत, आठवड्याला किती तास, वर्षातून किती आठवडे? नववी ते बारावी, आठवड्याला ३ तास, वर्षाला ४० आठवडे, असे लिहिणाऱ्याचे ४८० तास होतात. सुट्टीतल्या शिबिराचे रोज आठ तास धरले, तरी पंधरा दिवसांत १२० च्या पुढे जात नाहीत. शिवाय चार वर्षे वाचनालयात बसलेल्या मुलाला निबंधात सांगण्यासारखे काही आपोआप सापडते. शिबिरवाल्याला ते शोधावे लागते.

हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून २०१६ मध्ये 'टर्निंग द टाइड' हा अहवाल निघाला. त्यानेही किमान वर्षभर सलग केलेल्या सेवेचाच आग्रह धरला. अर्थात, सेवेने कच्चे गुण झाकले जात नाहीत. अनेक महाविद्यालये 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. स्वयंसेवेला आपण किती महत्त्व देतो हे त्यात नोंदलेले असते आणि ते सगळीकडे सारखे नसते. शिकवणीचे हजारो रुपये भरण्याआधी तो तक्ता फुकट पाहता येतो.

या साऱ्या हिशेबात वस्तीतली ती मुले मात्र कुणी धरत नाही. ताई दोन रविवार येते, फोटो काढते आणि तिसऱ्या रविवारी येत नाही. त्यांचे अपूर्णांक अर्धेच राहतात.

त्याच अहवालाने घरासाठी कमावणे, भावंडांना सांभाळणे यांनाही सेवेइतकेच मोल द्यावे असे सुचवले आहे. सामायिक अर्जात 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा वेगळा प्रकारच आहे. आपल्या कितीतरी घरांत आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणारी, तीन वर्षांत एकही खेप न चुकवलेली नात असते. ती जागा आपल्यासाठीच आहे हे तिला कुणी सांगितलेले नसते. तिचे आईवडील अजून आश्रमाचा फोन नंबर मिळवण्याच्या खटपटीत असतात.