डॉक्टरीणबाईंच्या झोपेचा प्रश्न

आपल्या बैठकांमध्ये सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की प्रसूतीकक्षाची गोष्ट येतेच. ‘तेव्हा बरी मजा वाटली, आता कशाला ओरडतेस?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्या वस्त्यांमधून शोधूनच काढावी लागेल. मांडीवर बसलेली चापट, पडदा न लावता केलेली तपासणी, न विचारता बसवलेली तांबी. याविरुद्ध आपण निवेदनं दिली, मोर्चे नेले, अधिष्ठात्यांच्या दालनाबाहेर तासन्‌तास बसलो. त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. पण आज मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूबद्दल लिहायचं आहे, आणि ते काही मैत्रिणींना रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

ते वाक्य बोलणारी तरी कोण असते? पुष्कळदा पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. पदव्युत्तर शिक्षण घेणारी निवासी डॉक्टर. युनिटचा इमर्जन्सीचा दिवस असला तर ती काल सकाळी आठला वॉर्डात आलेली असते. रात्रभर बाळंतपणं, सिझेरियन, रक्ताच्या पिशव्यांसाठी धावाधाव. आज सकाळी पुन्हा राऊंड, मग ओपीडी, मग राहिलेले केसपेपर. संध्याकाळी ती खोलीवर जाते तेव्हा छत्तीस तास झालेले असतात. वॉर्डात मामा किंवा मावशी कमी असली तर नमुने लॅबला पोचवणं, ट्रॉली ढकलणं हेही तिच्याच वाट्याला. पाणी ती मुद्दाम कमी पिते, कारण बाथरूम दोन मजले खाली आहे. पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला वेळ मिळेल याची खात्री नसते. हे सगळं ती बायकांच्या आरोग्याचं शास्त्र शिकताना करते!

मी एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करते. गरीब रुग्णांच्या निधीतून कुणाला इंजेक्शन मिळेल का, घरून हाकललेल्या बाळंतिणीला कुठे ठेवता येईल का, असल्या कामांसाठी या मुली माझ्याकडे येतात. त्यांतली एक एकदा कागद पुढे सरकवून तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “मॅडम, काल रात्री एक बाळ गेलं. मला काहीच वाटलं नाही. फॉर्म भरले आणि वडापाव खाल्ला. मला कशाची भीती वाटतेय माहितीय? काही वाटलं नाही याचीच.”

अशा अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. आपल्याकडे स्वयंपाकघरातला नेमका शब्द आहे, करपणं. जळणं वेगळं, ते लगेच दिसतं, धावपळ होते. करपणं खालून, वरचं वरण नीट दिसत असताना होतं. अमेरिकेतल्या क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: मन रिकामं होणं, समोरच्या माणसाला माणूस म्हणून न पाहणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. यातली दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. बाई ‘बेड नंबर बारा’ होते ती तिथे. ती शिवी, ती चापट जिथून येते त्या जागांपैकी ही एक. सगळी तिथूनच येते असं मी म्हणत नाही. गरीब बाईबद्दलचा, मुसलमान बाईबद्दलचा, चौथ्यांदा आलेल्या बाळंतिणीबद्दलचा तिरस्कार पुरेशी झोप झालेल्या डॉक्टरांतही मी पाहिला आहे. दमणूक म्हणजे माफी नव्हे. पण छत्तीस तास जागी असलेल्या मुलीला सन्मानाच्या वागणुकीवर दोन तासांचं प्रशिक्षण देऊन आपण कसली अपेक्षा ठेवतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली घटना म्हणून. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आजार म्हटलं की औषध त्या मुलीला. काम म्हटलं की बदल कामात करावा लागतो. आपल्या महाविद्यालयांना मात्र पहिला रस्ता आवडतो. एखादी वाईट बातमी आली की सभागृहात योगाचं शिबिर होतं, ‘ताणाशी मैत्री’ असलं व्याख्यान होतं, आणि गंमत म्हणजे त्याला हजेरी सक्तीची असते. रात्रपाळी करून आलेल्या मुली मागच्या रांगेत झोपतात. त्या शिबिराचा खरा उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सर्वसाधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त असू नये, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत शब्द आहेत ते ‘वाजवी तास’ आणि ‘वाजवी विश्रांती’. वाजवी म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. घरकामाला सुट्टी ‘जमेल तेव्हा’ असते, तसंच हे! २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थी होते, आणि त्यांच्यापैकी ३१.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. आपण होऊन प्रश्नावली भरणाऱ्यांत त्रासलेले जास्त असतील असं धरलं, तरी आकडा लहान होत नाही. आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक पूर्ण सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप, या त्या दलाच्या शिफारशी. चौऱ्याहत्तर! कापडगिरणीतल्या कामगारांना आठवड्याला साठ तासांची मर्यादा १९२२ पासून होती.

बाईचं करपणं आणि पुरुषाचं करपणं एकाच आचेवर होत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. खोलीवर गेलेल्या मुलाचा डबा कुणीतरी भरून ठेवलेला असतो. मुलगी लग्न झालेली असली तर सासरी फोन करून ‘आज येणं जमत नाही’ हे सांगणं तिची तिसरी पाळी. शिक्षणाची ही तीन वर्षं आणि मूल होण्याची वर्षं एकच. प्रसूती रजा नियमात आहे, पण हक्काच्या मर्यादेपलीकडे रजा गेली की तेवढे दिवस अभ्यासक्रम लांबतो, आणि मधल्या काळात तिच्या वाटणीची ड्यूटी बाकीच्यांवर पडते. बदली डॉक्टर कुणी देत नाही. मग तिच्याच बरोबरीच्या मुली कुजबुजतात, ‘आत्ताच गरज होती का?’ प्रशासनाने नेमायचं माणूस नेमलं नाही, आणि भांडण लागतं दोन बायकांमध्ये. ही युक्ती आपल्याला कारखान्यांपासून ओळखीची आहे.

आणि दमणुकीचीही उतरंड असते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. जळगावकडच्या, आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या, स्त्रीरोगशास्त्र शिकायला आलेल्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला दाखल झाला. त्यांच्या आई आबेदा तडवी त्याच वर्षी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्युनियरला शिक्षा म्हणून जादा ड्यूटी लावणं, बाळंतपणाला हात लावू न देता केवळ कागदपत्रं करायला बसवणं, हे प्रकार आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असतात. ते कुणाच्या वाट्याला जास्त येतात, हे विचारलं की खोली गप्प होते. तेव्हा नुसतं ‘डॉक्टरांवरचा ताण’ असं म्हणून भागणार नाही.

कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयातली ९ ऑगस्ट २०२४ ची घटना आपण सगळ्यांनी वाचली. त्या रात्री आपण मेणबत्त्या लावल्या, घोषणा दिल्या. पण ती डॉक्टर सेमिनारच्या खोलीत का झोपली होती, हा साधा प्रश्न घोषणांत कुठे आला? लांबलचक ड्यूटीत पाठ टेकायला तिला बंद होणारं दार नव्हतं. मी पाहिलेल्या कितीतरी ‘डॉक्टर्स रूम’ अशाच आहेत. एक खोली, दोन गाद्या, मुलं-मुली एकत्र, कडी तुटलेली. दिव्याचं बटण बाहेर.

इथे मला न्यूयॉर्कची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिथे रुग्णाच्या बाजूने लढणारा माणूस डॉक्टरांच्या झोपेपर्यंत पोचला. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिच्यावर देखरेख करणारे शिकाऊ डॉक्टर लांब पाळ्यांवर होते, आणि वरिष्ठ डॉक्टर हजर नव्हते. वडील पत्रकार होते. ते चवताळले ते डॉक्टरांवरच. पण लढता लढता प्रश्न पाळ्यांवर आणि देखरेखीवर आला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने शिकाऊ डॉक्टरांना आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास अशी मर्यादा घातली. त्यामुळे रुग्णांचे मृत्यू घटले असं पुढच्या अभ्यासांत स्पष्ट दिसलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाळ्या बदलताना निरोप हरवतात, हाही धोका असतोच. तरी माझ्या मते मर्यादा हवी. कामाचे तास माणसासाठी मागायचे असतात, निकालाच्या टक्केवारीसाठी नाही.

मग आधार कसला द्यायचा? आमच्याकडच्या त्या मुलीला मी मानसोपचार विभागात जा म्हटलं, तर तिने हात जोडले. तिथले डॉक्टर तिच्या गाईडबरोबर जेवतात, आणि प्रबंधावर सही गाईडची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे, पण कॉरिडॉरमध्ये कायदा लागू होत नाही. म्हणून समुपदेशक महाविद्यालयाच्या बाहेरची हवी, तिची नोंद विभागाकडे जाता कामा नये. सरकारची १४४१६ ही टेलीमानस सेवा २०२२ पासून आहे, रात्रीही फोन उचलतात. हा नंबर डॉक्टर्स रूमच्या दारामागे लावायला पैसे पडत नाहीत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ या संस्थेने महापालिकेबरोबर ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं तेव्हा, रुग्णालयात बाईने मार खाल्ल्याचं बोलायला वेगळी खोली कशाला, असं विचारणारे पुष्कळ होते. आज तशी केंद्रं इतर रुग्णालयांतही आहेत. डॉक्टरांसाठीही तशी एक खोली होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बालिंट नावाच्या मनोविश्लेषकाने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांचे छोटे गट बसवले. आठवड्यातून एकदा जमायचं आणि मनातून न जाणाऱ्या रुग्णाबद्दल बोलायचं. सल्ला नाही, चूक काढणं नाही. वाचताना मला हसू आलं, कारण हे तर आपण गोधड्या शिवत, डाळ निवडत वर्षानुवर्षं केलं आहे! या कामात आपला हात बसलेला आहे. एखाद्या रुग्णालयाने बोलावलं तर असा गट चालवायला आपल्यातल्या दहाजणी तरी तयार होतील.

हे लिहिताना वॉर्डातल्या मावशी डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्या कंत्राटी पाळ्यांवर, सुजलेल्या पायांवर कुणी अहवाल काढत नाही, आणि डॉक्टर निदान तीन वर्षांनी सुटते. तो लेख वेगळा, आणि तो मावशींनीच सांगितला पाहिजे. पण एकीचे तास मागितले म्हणून दुसरीचे कमी होत नाहीत.

२०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक रुग्णालयाच्या अंतर्गत समितीवर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेची एक बाहेरची सदस्य लागते. आपल्यातल्या कित्येकजणी तशा समित्यांवर आहेत, काहीजणी रुग्ण कल्याण समित्यांवरही. वर्षाच्या अहवालावर सही करून चहा घेऊन परत येण्याआधी निवासी डॉक्टरांच्या ड्यूटीचा तक्ता मागून घ्या, गेल्या महिन्याचा, प्रत्यक्षात पाळला गेलेला. रजेवर गेलेल्या बाळंतिणीच्या जागी कोण आलं ते विचारा. मुलींची विश्रांतीची खोली स्वतः जाऊन बघा, आणि कडी आतून लागते का ते लावून पाहा. रात्री साडेअकराला गेलात तर जास्त कळेल.